कोरी पट्टी

"माणसानं एक नाव द्यायला किती येळ लावावा? बारसं हाय का हितं?"

सिद्राम हे चांगुणाला म्हणाला नव्हता. तो मागाच्या दांडीला म्हणाला होता. पण दांडी आणि चांगुणाचा कान यांत वीतभरच अंतर होतं, आणि ते सिद्रामला चांगलं ठाऊक होतं. चांगुणा मागाच्या कडेला उकिडवी बसून पत्त्यांच्या लोंबत्या माळेत नावाची पट्टी बांधत होती. तोंडात दोरा धरलेला, म्हणून लगेच उत्तर देता आलं नाही. गाठ बसल्यावर तिने दोरा दाताने तोडला आणि मग सावकाश म्हणाली, "बारसंच हाय की. तुमाला पाळणा हलवायला तर ठेवलंय."

सिद्राम हसला नाही, पण त्याच्या मिशीचं एक टोक जरा वर गेलं. सकाळच्या पाळीत एवढी कमाई पुष्कळ होती.

सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या बोळात नरसय्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, चार माग, आणि मागच्या अंगाला मालकांचं घर. माग चालू झाले की भिंतीतला चुना थरथरायचा. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि त्यात कापसाची पिसं तरंगत राहायची, इतकी सावकाश की बघत बसलं तर माणसाला आपण पाण्याखाली बसलोय असं वाटावं. सुरुवातीला चांगुणाला तसंच वाटायचं. दुष्काळाच्या साली ती कुंभारीहून खडी फोडायचं काम सोडून इथे आली, तेव्हा पहिले काही दिवस ती श्वास धरूनच बसायची.

काम पत्ते बांधायचं. जाड पुठ्ठ्याचे लांबट पत्ते, त्यांना भोकं पाडलेली. भोक असेल तिथे मागाचा धागा उचलला जातो, नसेल तिथे जात नाही. एवढंच त्याचं शास्त्र. असे शेकडो पत्ते दोऱ्याने एकापुढे एक ओवले की त्यांची माळ होते, आणि ती माळ मागावर फिरत राहिली की खाली चादरीत मोर उठतात, वेल उठतात, काठ उठतो. प्रत्येक चादरीचा मोर तोच, वेल तीच. पण माळेत एके ठिकाणी जागा मोकळी ठेवलेली असायची. तिथे गिऱ्हाइकाने सांगितलेल्या नावाची पट्टी बांधायची. लग्नाची चादर असेल तर नवरीचं नाव, दुकानाची असेल तर दुकानाचं. काम तेच, सांगणं दर वेळी निराळं.

आणि ज्या चादरीवर नाव नको, तिच्यासाठी कोरी पट्टी. तिला नक्षीचं एकही भोक नाही, फक्त कडेला दोऱ्याची. सुरुवातीला चांगुणाने विचारलं होतं, नाव घालायचंच नाही तर पट्टी कशाला, जागा तशीच सोडावी की. तेव्हा दाक्षायणी हसली होती. "मागाला गृहीत धरायचं नाही, चांगुणाबाई. काही नसेल तर काही नाही, असंही त्याला सांगावं लागतं. नाहीतर तो मनचं विणतो."

दाक्षायणी म्हणजे नरसय्याची एकुलती एक लेक. पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते बांधायची, आणि बापाच्या शिव्या खायची. ती डावखुरी होती. नरसय्याला वाटायचं डाव्या हाताने बांधलेल्या गाठीने धंद्याला अवकळा येते. ती त्याच्या देखत उजव्या हाताने बांधायची आणि त्याची पाठ वळली की डाव्या. चांगुणाला तिनेच शिकवलं. नुसत्या गाठी नाहीत, अक्षरंसुद्धा. चांगुणा कधी शाळेत गेली नव्हती. ती वाचायला शिकली ती पुठ्ठ्यावरच्या भोकांवरून आणि चादरीवर उठणाऱ्या नावांवरून, आणि म्हणून ती अजूनही अक्षरं खालून वर वाचायची. चादरीत नाव पायाकडून उठतं. आधी अक्षरांचे पाय दिसतात, मग काने खांबांसारखे उभे राहतात, मग डोक्यावरची रेघ येते आणि सगळ्यांत शेवटी वेलांट्या आणि मात्रा. चांगुणाला पाय बघूनच नाव कळायचं. आपल्याला माणसंही तशीच कळतात, असं ती सिद्रामला म्हणायची. आणि सिद्राम आपले पाय मागाखाली ओढून घ्यायचा.

नाव मोठ्याने द्यायची रीतही दाक्षायणीनेच पाडलेली. पूर्वी एकदा वैरागच्या नवरीची चादर करमाळ्याला गेली आणि करमाळ्याची वैरागला, आणि दोन्ही मांडवांत रुसवेफुगवे झाले. तेव्हापासून पट्टी बांधून झाली की बांधणारीने नाव मोठ्याने म्हणायचं, मागवाल्याने ते परत म्हणायचं, आणि मगच दांडी ओढायची. पट्टी कोरी असली तर दोघांनी "कोरं" म्हणायचं. नव्या माणसाला हे बघून हसू यायचं. पण चार मागांच्या खडखडाटात तोंडाजवळ तोंड नेऊन सांगितलेली गोष्ट चुकत नाही.

दाक्षायणीचं लग्न भिवंडीला झालं. तिकडेही मागच, फक्त जास्त. पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं, कारण तेव्हा इथे आई तापाने पडली होती. सावित्रम्माला विषमज्वर झाला होता; पौष महिनाभर ती कधी शुद्धीत, कधी बेशुद्धीत. त्याच महिन्यात नरसय्या सूत आणायला म्हणून भिवंडीला गेला आणि सूत न आणता परत आला. त्याने कारखान्यातल्या माणसांना माग बंद करायला लावले, आणि त्या शांततेत जे सांगितलं ते एकदाच सांगितलं. बाळही राहिलं नव्हतं. मग तो म्हणाला, डॉक्टरांनी बजावलंय, हिचं काळीज तापाने हलकं झालंय, धक्का बसला तर ही पण जाईल. तेव्हा हे या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. आणि तिचं नाव इथे पुन्हा कुणी घ्यायचं नाही.

कुणी घेतलं नाही. सावित्रम्मा बरी होऊन उठली, मागच्या दारात उंबऱ्याशी बसून चादरींच्या दशांना, टोकाच्या सुट्या दोऱ्यांना, गाठी मारायला लागली, आणि विचारायला लागली. सिद्रामचा मेव्हणा भिवंडीत कामाला होता, म्हणून निरोप आणायची जबाबदारी सिद्रामवर आली. बिचारा दर पंधरवड्याला दाराशी उभा राहून टोपी हातात फिरवत सांगायचा, "बरी हाय म्हणं. अंगानं भरलीया." एकदा घाबरून तो म्हणाला, पोराला दात आले. सावित्रम्मा म्हणाली, "इतक्यात?" सिद्राम म्हणाला, "हुशार हाय की." त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि आता फाल्गुन संपत आला होता, आणि सावित्रम्माने ठरवून टाकलं होतं की उगादीचा, म्हणजे पाडव्याचा, सण झाला की ती भिवंडीला जाणार. नातवासाठी छोटी चादर विणून घेणार, आणि घेऊन जाणार. नरसय्या उद्यावर ढकलत होता. उद्या किती उरलेत ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

लग्नाच्या चादरींची गर्दी ओसरली त्या दुपारी नरसय्या म्हणाला, खिडकीजवळच्या मागावर थोडा साधा माल काढा, बिननावाचा. चांगुणाने नावाची पट्टी सोडली, कोरी बांधली, आणि सिद्रामच्या कानाशी म्हणाली, "कोरं."

"कोरं," सिद्राम म्हणाला, आणि दांडी ओढली.

ऊन तापलं होतं. मोर उठले, वेल उठली. चांगुणा पुढच्या पट्ट्या लावून ठेवत होती, तिचे डोळे जड झाले होते. मागाचा आवाज अशा वेळी अंगाईसारखा होतो. सिद्रामने माग थांबवला तेव्हा तिला आधी ती शांतता ऐकू आली, मग सिद्रामचा हात दिसला, तो चादरीकडे बोट दाखवत होता.

कोऱ्या जागेत अक्षरांचे पाय उठले होते.

"पट्टी बदलली न्हाईस व्हय?" तो म्हणाला.

"बदलली की. तुमच्यासमोर."

तिने माळ उलटी फिरवून पट्टी काढली आणि खिडकीशी धरली. उजेड फक्त कडेच्या भोकांतून आला. मधे पुठ्ठा साफ होता. तिने त्यावरून बोट फिरवलं, मागून पुढून फिरवलं. पट्टी परत बांधली. सिद्रामने दांडी ओढली. पाय वाढले. काने उभे राहिले, एकामागे एक, इतके की जणू कुंपण. चांगुणाला रेघ यायच्या आधीच कळलं. सिद्रामला वाचता येत नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्याला तिथे वाचता आलं.

दाक्षायणी.

चादर मागावरून कापून त्यांनी ती सुताच्या गोणीखाली घातली. सावित्रम्मा उंबऱ्याशी होती, तिने मान वर केली आणि विचारलं, "फाटली का?"

"सूत तुटलं," चांगुणा म्हणाली.

नरसय्याने गोणी उचलून चादर बघितली. तो बराच वेळ बघत राहिला. मग गोणी परत ठेवली आणि त्यावर बसला, जणू खालून कुणी ती उचलेल. "जुनी पट्टी राहिली असेल कुठे," तो म्हणाला. चांगुणा नाही म्हणाली नाही. दाक्षायणीच्या नावाची पट्टी कधी पाडलीच नव्हती. तिच्या लग्नाच्या चादरीवर नरसय्याने जावयाचं नाव घालायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिंदुरावला बोलावलं. तो एका गिरणीत फिटर होता आणि फावल्या वेळात पेठेतले माग दुरुस्त करायचा. मागाशी बोलायचा, माणसांशी फारसं नाही. त्याने मागावर चढून सुया तपासल्या, आकडे तपासले, तेल घातलं, एकेक दोरी ओढून बघितली. खाली उतरून हात पुसले, चहा घेतला. सावित्रम्मा त्या वेळी स्वयंपाकघरात होती. त्याने कोरी पट्टी लावून माग स्वतः चालवला, आणि पूर्ण नाव येईपर्यंत थांबवला नाही. वेलांटी पुरी झाल्यावर तो चादरीकडे बघत म्हणाला, "मागात काय बी न्हाय. माग ठणठणीत हाय."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "ही दाक्षायणी कोण?"

हिंदुरावने सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, कप पालथा घातला, आणि मजुरी न मागता निघून गेला. त्यानंतर त्याला निरोप धाडला की तो घरी नसायचा.

मग एकच उपाय उरला. खिडकीजवळच्या मागाला रिकामं ठेवायचं नाही. त्याला सतत काहीतरी नाव देत राहायचं. गिऱ्हाइकांची नावं संपली तेव्हा चांगुणाने देवांची दिली, मग गावांची. कुंभारी, वैराग, करमाळा. मग आपल्या माणसांची. तिच्या आईचं नाव गोजरबाई, तिच्या आत्याचं मथुराबाई. माग सगळं निमूट विणत होता. ती कानाशी सांगायची, सिद्राम परत म्हणायचा, नाव चादरीत उठायचं. सुताचं नुकसान होत होतं, पण नरसय्या हूं की चूं करत नव्हता. ज्याने कधी दोऱ्याचं टोक वाया जाऊ दिलं नाही तो माणूस गोजरबाईच्या नावाच्या चादरींची घडी घालत बसायचा.

"गोजरबाई कोण गं?" सावित्रम्माने उंबऱ्यावरून विचारलं.

"माजी आई."

"तुझ्या आईचं लग्न आहे का?"

"न्हाय वो. गिऱ्हाइकाची बी गोजरबाईच हाय."

सावित्रम्मा दशांच्या गाठी मारत राहिली. पण चांगुणाच्या लक्षात आलं होतं की आजकाल जेव्हा जेव्हा इथे नाव दिलं जायचं, तेव्हा तिकडे सावित्रम्माचे हात थांबायचे. नाव ऐकून झालं की पुन्हा सुरू व्हायचे. जसं कुणी दारावरच्या टकटकीकडे कान लावतं आणि शेजारचं दार आहे असं कळल्यावर परत कामाला लागतं.

एका सकाळी चांगुणा आली तेव्हा माळेतल्या तिच्या गाठी तिच्या राहिल्या नव्हत्या. पट्टी तीच, तिने आदल्या संध्याकाळी बांधलेली. पण गाठी बारीक होत्या, घट्ट, आणि फास उलट्या बाजूने घेतलेला. तिने बोट लावून बघितलं. दोऱ्याचं टोक अजून ओलसर होतं, कुणीतरी तोंडात धरून ओढल्यासारखं.

"सिद्राम," ती म्हणाली, "ह्या गाठी बघा."

सिद्रामने बघितल्या. त्याने त्या शंभर वेळा बघितल्या होत्या, लग्नाच्या आधी, मालकाची पाठ वळली असताना. तो म्हणाला, "मी काय बघितलं न्हाय," आणि टोपी डोळ्यांवर ओढून दांडीपाशी उभा राहिला.

त्या दिवशी तिने मागाला स्वतःचं नाव दिलं. का दिलं ते तिला सांगता आलं नसतं. बहुतेक तिला वाटलं, दाक्षायणी आपल्याला ओळखत होती, आपलं ऐकेल. चांगुणा, असं सुबक नाव उठलं, मोरांच्या मधे. तिला जरा बरं वाटलं. तिने चादर घडी करायला उचलली, आणि उचलताना ती उलटी झाली.

सोलापुरी चादरीला दोन्ही बाजू असतात. वर पिवळ्यावर लाल असेल तर खाली लालवर पिवळं. आणि वर जे नाव तेच खाली, फक्त आरशातल्यासारखं उलटं. याला अपवाद नसतो. दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच धाग्यांनी विणल्या जातात. वर एक आणि खाली दुसरं, हे मागाला करताच येत नाही.

चादरीच्या खालच्या बाजूला, सुलट्या अक्षरांत, दाक्षायणी होतं.

चांगुणाने मागच्या चादरी उचकल्या. गोजरबाईच्या खाली दाक्षायणी. मथुराबाईच्या खाली दाक्षायणी. कुंभारीच्या खाली. वैरागच्या खाली. आणि या सगळ्या चादरी दशांना गाठी मारायला सावित्रम्माच्या मांडीवरून गेल्या होत्या. दशा बांधताना चादर उलटीच धरतात.

ती उंबऱ्याकडे बघायला वळली. सावित्रम्मा तिथे नव्हती.

ती आत आली होती. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून कारखान्यात आली होती, एका हाताने भिंत धरत. अंगावरचं लुगडं ढगळ झालं होतं. नरसय्या बाजारात गेला होता. उगादीचा गूळ आणायला, असं म्हणून गेला होता, पण चांगुणाला ठाऊक होतं की तो तलावाच्या काठी नुसता बसून राहतो. बाकीचे माग दुपारच्या जेवणाला बंद होते. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यात पिसं तरंगत होती. सावित्रम्मा त्या पट्ट्यातून चालत आली, तशी पिसं बाजूला झाली आणि तिच्यामागे परत मिळाली.

"पट्टी काढ," ती म्हणाली.

"आता जेवणाची येळ हाय, सावित्रम्मा. तुमी बसा. पाणी देऊ का?"

"पट्टी काढ गं."

चांगुणाने सिद्रामकडे बघितलं. सिद्राम जमिनीकडे बघत होता. तिने पट्टी सोडली आणि कोरी उचलली.

"ती पण नको."

"रिकामा चालवायचा न्हाई. काय तरी सांगावं लागतं त्याला."

"मी सांगते," सावित्रम्मा म्हणाली.

चांगुणाने माळेची मोकळी जागा नुसत्या दोऱ्याने ओढून घेतली. तिला डॉक्टर आठवत होता, हलकं काळीज आठवत होतं, आणि काहीही करून हिला धरून आत न्यावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "पोराला आता धरून उभं ऱ्हाता येतं म्हणं. सिद्रामच्या मेव्हण्यानं..."

"चांगुणा."

चांगुणाने हातातली कोरी पट्टी खाली ठेवली.

"तुम्ही सगळी चांगली माणसं आहात," सावित्रम्मा म्हणाली. "आमचे हे भिवंडीहून आले त्या दिवसापासून त्यांनी तिला एक शिवी दिली नाही. जन्मात कधी असं झालं नव्हतं. मला ताप होता, पण मी काही बहिरी नव्हते."

सिद्रामने टोपी काढली.

"मी वाट बघत होते, कुणी बोलेल. तुम्ही मला जपत होता, मी तुम्हाला जपत होते. आमच्या ह्यांना तर मीच म्हणाले, उगादीनंतर जाऊ. खरं सांगावं लागलं की रडतील तरी; त्यांना रडायला कारण पाहिजे होतं ना. पण आपण सगळे एकमेकांना बघत बसलो. तिचं कुणी बघितलंच नाही."

तिने दांडीवर हात ठेवला, आणि नाव न देता ओढली.

माग सुरू झाला. एकट्या मागाचा आवाज वेगळा असतो, त्यात घर रिकामं असल्यासारखं काहीतरी असतं. मोर आला. वेल आली. मग मोकळी जागा आली.

पाय उठले.

चांगुणाने श्वास धरला, कुंभारीहून आल्यावर धरायची तसा.

काने उठले. खांब, खांब, खांब. सावित्रम्मा ते बघत होती, जसं कुणी पायऱ्यांवरून वर येणाऱ्या माणसाकडे बघतं, आधी डोकं दिसायची वाट बघत. अक्षरं गळ्यापर्यंत आली. आता रेघ यायची.

रेघ आली नाही.

माग चालू होता. सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जात होता. पत्ते फिरत होते. पण कापड पुढे सरकत नव्हतं. गळ्यापाशी येऊन अक्षरं तशीच उभी होती, डोक्याशिवाय, कुणी काही सांगेल म्हणून थांबल्यासारखी.

सावित्रम्मा वाकली. कापडावर एक सुटा धागा आला होता, तो तिने बोटाने हळूच मागे सारला, जशी झोपलेल्या पोरीच्या कानामागे बट सारावी. तिचं तोंड मागाच्या अगदी जवळ होतं. तेलुगू घरांत लेकीलाही लाडाने अम्मा म्हणतात.

"अम्मा," ती म्हणाली. "दाक्षायणी. तू मेलीस गं. पौषातच मेलीस. तुला कुणी सांगितलंच नाही."

धोटा थांबला.

ताणून बसवलेलं कापड खालच्या बाजूने एकदा वर उचललं गेलं, कुणी तळहात टेकवून उठावं तेवढंच, आणि मग सपाट झालं.